वहीतला हिशोब आणि फळ्यावरचा हिशोब



मी अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापक होतो. मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवली, पाढे पाठ करून घेतले. पण गावाचा हिशोब कसा ठेवावा, हे मला स्वतःला फार उशिरा कळले. ते कसे कळले, हे आधी सांगतो. मग आपण दुसऱ्या दोन गावांकडे जाऊ.

२००३ सालची गोष्ट. आमच्या भागात लागोपाठ पावसाने ओढ दिली होती. टँकर आला की बायकांची धावपळ, हंड्याला हंडा लागायचा, भांडणे व्हायची. एके रात्री चावडीपुढे मंडळी जमली. गावाखालच्या ओढ्यावर मातीचा बांध घालायचा असे ठरले. घरटी दोन दिवस श्रमदान आणि घरटी शंभर रुपये वर्गणी. वर्गणी कशाला? तर ट्रॅक्टरच्या डिझेलला, दगडाला आणि सांडव्याच्या सिमेंटला. सांडवा म्हणजे जास्तीचे पाणी बाहेर जाण्याची वाट. ती पक्की नसली तर पहिल्या पुरात बांध फुटतो.

पैसे कुणाकडे ठेवायचे? सगळे म्हणाले, "गुरुजींकडे ठेवा. गुरुजी खायाचे नाहीत." मलाही बरे वाटले. मी नवी वही घातली. पै-पैसा लिहून ठेवला. पावत्या टाचणीने लावल्या. आणि ती वही घरी ट्रंकेत ठेवून दिली.

पहिले पंधरा दिवस काय सांगू! दीडशे-दीडशे माणसे पाट्या, फावडी, कुदळी घेऊन ओढ्यात. म्हाताऱ्या बायका पाणी घेऊन यायच्या. पोरे शाळा सुटली की माती तुडवायला हजर. मग हळूच एकेक पाटी कमी होऊ लागली. कानावर कुजबूज येऊ लागली. सिमेंटची पोती किती आली? लागली किती? ट्रॅक्टर गुरुजींच्या मेव्हण्याचाच कसा काय लावला?

ट्रॅक्टर माझ्या मेव्हण्याचाच होता, हे खरे आहे. तो कमी भाड्यात मिळाला, हेही खरे आहे. पण हे मी कुणाला सांगितलेच नव्हते. मला राग आला. चावडीवर जाऊन म्हणालो, "थांबा, वही घेऊन येतो. एकेक आकडा बघा."

तेव्हा एक म्हातारे शेतकरी शांतपणे म्हणाले, "गुरुजी, वही आणून काय करता? आमाला वाचता कुठं येतंय? तुमी वाचायचं आन् आमी ऐकायचं. मग तोंडानं सांगितलं काय आन् वहीतनं सांगितलं काय, सारखंच की."

मला उत्तर देता आले नाही.

काम छातीभर उंचीला येऊन थांबले. सांडवा अर्धाच राहिला. पुढच्या पावसात ओढ्याला लोंढा आला आणि कच्ची बाजू घेऊन गेला. ते दगड अजून तिथे पडलेले आहेत.

दुसरीही एक गोष्ट होती, आणि ती पैशापेक्षा मोठी होती. बांधाखाली तीन विहिरी होत्या. बांध भरला तर पाझर त्या तीन विहिरींना लागणार होता. वरच्या वस्तीवरची माणसे म्हणू लागली, "आमी पाट्या वाहायच्या आन् मोटर त्यांची चालायची?" त्यांचे काही चुकले नव्हते. पाणी आले तर ते कुणाला किती, हे आम्ही पाटी उचलण्याआधी ठरवलेच नव्हते.

म्हणजे दोन प्रश्न राहिले. पैसा कुठे गेला? आणि पाणी कुणाचे? ज्या गावांनी एकत्र येऊन काम तडीस नेले, त्यांनी या दोन प्रश्नांचे काय केले, ते आता पाहू.

हिवरे बाजारचे पाणी

अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, नगर तालुक्यात हिवरे बाजार हे लहानसे गाव आहे. वस्ती सव्वा हजाराच्या आसपास. पाऊस कमी. वर्षाला चारशे मिलिमीटर पडला तर बरा म्हणायचा. एके काळी हे गाव पैलवानांसाठी ओळखले जाई. १९७२ चा दुष्काळ पडला. डोंगर तर आधीच उघडे होत चालले होते. विहिरी आटल्या, माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईकडे गेली. मागे राहिलेल्यांत दारू आणि भांडणे वाढली.

१९८९ साली गावाने पोपटराव पवार नावाच्या शिकलेल्या तरुणाला सरपंच निवडले. एम.कॉम. झालेला माणूस. त्याला शहरात नोकरी मिळाली असती. पुढे २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण एक सरपंच काही गाव उभे करत नाही. तिथे गावाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

राज्य सरकारची आदर्श गाव योजना १९९२ साली निघाली. १९९४ मध्ये हिवरे बाजार तिच्यात आले. या योजनेत गावाला काही नियम आधी मान्य करावे लागत. श्रमदान करायचे. कुऱ्हाडबंदी, म्हणजे झाड तोडायचे नाही. चराईबंदी, म्हणजे डोंगरावर जनावर मोकळे सोडायचे नाही, गवत विळ्याने कापून आणायचे. नशाबंदी, म्हणजे दारू बंद. आणि नसबंदी, म्हणजे कुटुंब लहान ठेवायचे. या शेवटच्या नियमाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. किती मुले हवीत, ही गोष्ट नवरा-बायकोने समजून-उमजून ठरवायची असते. चावडीने त्यात पडू नये. पण बाकीच्या चार नियमांविषयी मला शंका नाही.

मग डोंगराच्या उतारावर आडवे चर खणले. एका पातळीतले, हजारोंनी. पावसाचे पाणी धावत खाली येते, ते चरात थांबते आणि मुरते. खाली ओढ्यावर मातीचे आणि दगडाचे बांध घातले. पाझर तलाव केले. इथे एक खरे सांगितले पाहिजे. हे सगळे नुसत्या श्रमदानातून झालेले नाही. त्यात सरकारी योजनांचे पैसे होते, रोजगार हमीची मजुरी होती. "गावाने स्वतः सगळे केले" असे कुणी सांगितले तर ती अर्धी गोष्ट आहे. गावाने काय केले? सरकारच्या पैशाचे काम खरोखर जमिनीवर होते की नाही, ते पाहिले. आणि झालेले काम राखले.

आता पाणी आले. विहिरींना पाझर लागला. आमच्या गावचे भांडण इथेच सुरू झाले असते. पाणी कुणाचे?

पाण्याची बेरीज-वजाबाकी

हिवरे बाजारने २००४ सालापासून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. ताळेबंद म्हणजे जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. वाण्याच्या दुकानात असतो तसाच. फक्त रुपयांच्या जागी लिटर.

जमा कशी मोजायची? पाऊस मोजायचे भांडे असते. त्यात किती मिलिमीटर पाणी जमले, ते रोज पाहून लिहितात. एक मिलिमीटर म्हणजे केवढे? बाजरीच्या दाण्याच्या जाडीपेक्षाही कमी. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होते? एक एकर सपाट रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी सुमारे ४००० लिटर भरते. पंधरा लिटरचा हंडा धरा. अडीचशेहून जास्त हंडे झाले. बघा, बाजरीच्या दाण्यात किती पाणी असते ते!

हिवरे बाजारचे शिवार सुमारे २४०० एकर आहे. पाऊस ४०० मिलिमीटर धरू. आता पाटीवर मांडा. एका एकराला १ मिलिमीटरचे ४००० लिटर, तर ४०० मिलिमीटरचे १६ लाख लिटर. २४०० एकरांचे ३८४ कोटी लिटर. एवढे पाणी दर वर्षी आभाळातून त्या कोरड्या गावावर पडते.

आता खर्च. माणसाला प्यायला, स्वयंपाकाला, धुण्याला दिवसाला ४० लिटर धरू. १२५० माणसांना रोज ५० हजार लिटर. वर्षाला सुमारे १ कोटी ८२ लाख लिटर. जनावरांचे आणि इतर वापराचे धरून हा आकडा तिप्पट केला, तरी साडेपाच कोटीच होतात. शंभर हंडे पाणी पडले, तर त्यातले दीड हंडाही लागत नाही!

मी हे गणित पहिल्यांदा केले, तेव्हा दोनदा तपासून पाहिले. शंभरातले दीड पुरते, तर मग गावोगाव टँकर का येतात? कारण पडलेले पाणी थांबत नाही. काही वाहून जाते, काही उन्हाने उडते, काही पिके आणि झाडे पितात. जे जमिनीत मुरते तेच विहिरीला येते. आणि विहिरीला आलेले पाणी उपसण्याची शर्यत लागली, तर जानेवारीतच तळ दिसतो.

म्हणून हिवरे बाजारमध्ये पावसाळा संपला की विहिरींची पाणीपातळी पाहतात. पाऊस किती पडला, त्यातला किती मुरला, याचा अंदाज काढतात. मग ग्रामसभा बसते. माणसांचे पिण्याचे पाणी आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढतात. उरेल त्यावर रब्बीला कोणती पिके घ्यायची, उन्हाळी पीक घ्यायचे की नाही, ते ठरते. पाऊस कमी झाला असेल, तर जास्त पाणी लागणारी पिके त्या वर्षी घेत नाहीत.

ऊस आणि केळी मात्र कुठल्याच वर्षी घ्यायची नाहीत, असा तिथला नियम. हा नियम ऐकून आमचे ऊसवाले चिडतात. पण चिडण्याआधी हिशोब करा. पाटाने पाणी दिले, तर एक एकर उसाला वर्षभरात २००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे ८० लाख लिटर. आपण वर काढलेच आहे की सव्वा हजार वस्तीच्या गावाला रोज ५० हजार लिटर लागतात. ८० लाखांना ५० हजारांनी भागा. उत्तर येते १६०. एका एकरातला ऊस सबंध गावाचे १६० दिवसांचे पाणी पितो. बाजरीला उसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात भागते, आणि तेही बरेचसे पावसावरच. ऊस वाईट पीक नाही. जिथे धरणाचा कालवा आहे, तिथे तो शोभतो. पण चारशे मिलिमीटरच्या गावात एकाच्या फडासाठी साऱ्यांच्या घागरी कोरड्या पडतात.

दुसरा नियम बोअरचा. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. असे का? विहिरीचे पाणी वरच्या थरातले. ते पावसाने भरते आणि उपशाने उतरते. बोअर खोल जाते आणि वर्षानुवर्षांची साठवण ओढून घेते. त्यात आणखी गंमत अशी की ज्याच्याकडे पैसे तो दोनशे फूट जातो, त्याहून मोठा चारशे फूट जातो, आणि शेजारच्या गरिबाची चाळीस फुटी विहीर कोरडी पडते. जमिनीला बांध असतो. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो.

हे नियम पाळले गेले, त्याचे फळ २००३-०४ च्या दुष्काळात दिसले. आजूबाजूला टँकर धावत होते, हिवरे बाजारला टँकर लागला नाही. शहरात गेलेली कित्येक कुटुंबे गावी परत आली.

नायगावची वाटणी

आता पुरंदर तालुक्यातले नायगाव. तिथली गोष्ट याहून जुनी आहे. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे कारखानदार त्या भागात फिरले. स्वतः इंजिनिअर. रस्त्यावर खडी फोडणारी माणसे त्यांनी पाहिली. (त्या वर्षी मीही पोरगा होतो. आमच्या आईने तलावाच्या कामावर माती वाहिली. कामावर सुकडी मिळायची. तिची चव अजून जिभेवर आहे.) साळुंख्यांनी १९७४ मध्ये नायगावच्या देवस्थानची ४० एकर पडीक जमीन कसायला घेतली. पाणी अडवून ती पिकवून दाखवली. त्यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली.

तिचे नियम मला फार मोलाचे वाटतात. सगळीकडे पाणी जमिनीच्या मागे जाते. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त. पाणी पंचायतीने ते उलटे केले. पाणी माणसांच्या डोक्यांवर वाटायचे. दर माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे, आणि एका घराला जास्तीत जास्त अडीच एकराचे. मग घरची जमीन पन्नास एकर का असेना. ज्याला जमीनच नाही, त्या भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः घालायचा.

आमच्या वरच्या वस्तीला २००३ साली हाच नियम कुणी सांगितला असता, तर त्यांनी पाट्या खाली ठेवल्या असत्या का? मला नाही वाटत. आपला वाटा ठरलेला आहे हे माहीत असले, की माणूस उन्हातही माती वाहतो.

पाणी पंचायतीचा नियम सगळीकडे पसरला नाही, हे मात्र खरे. मोठ्या जमीनदाराला तो गोड लागत नाही. साळुंखे २००२ साली वारले.

ग्रामसभेत कुणी बोलायचे?

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आमच्या गावात कोण ऐकतो? तर एवढे ध्यानात ठेवा. मतदार यादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद. त्याला कुणाची चिठ्ठी लागत नाही. आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे वर्षात निदान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. बायकांची सभा त्याआधी वेगळी घ्यायची असते. सभेला मतदारांपैकी शंभरातले पंधरा, किंवा एकूण शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसे तरी हवीत. तेवढी नसताना घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घेतल्या जातात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आता तुम्हाला वाचता येते. सही करण्याआधी वर काय लिहिले आहे, ते वाचा. वाचून होईपर्यंत शिपायाला थांबू द्या.

पंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेपुढे मांडावा लागतो. तो तिथे विचारायचा. मिळाला नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज करता येतो.

आमचा फळा

मी नोकरीतून मोकळा झालो. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर प्रौढांचा वर्ग घेऊ लागलो. पहिल्या वर्षी सात माणसे, दुसऱ्या वर्षी बावीस. त्यांत बाया जास्त.

मागच्या उन्हाळ्यात गावाने पुन्हा एक काम काढले. १९७२ चा जुना पाझर तलाव, आमच्या आईने माती वाहिली तोच. तो गाळाने निम्मा भरला होता. गाळ काढायचा असे ठरले. या खेपेला पहिली पाटी उचलण्याआधी तीन रात्री नुसते बोलणे झाले. गाळ कुणी न्यायचा, किती ट्रॉल्या, आधी कुणाला. खालच्या विहिरींनी उपसा कधी थांबवायचा. वरच्या वस्तीला पिण्याची टाकी कुठे बांधायची. भांडणेही झाली. एकदा मीच उठून घरी गेलो, आणि बायकोने परत पाठवले.

वर्गणीचे पैसे मी घेणार नाही असे म्हणालो. पण लिहायचे काम माझ्याकडेच आले. मी अट घातली. वही नको, फळा हवा. चावडीच्या भिंतीवर काळा रंग देऊन मोठा फळा केला. जमा, खर्च, शिल्लक असे तीन रकाने. दर बाजाराच्या दिवशी संध्याकाळी आठवड्याचा हिशोब तिथे लिहायचा. अक्षर मोठे, पहिल्या पुस्तकातल्यासारखे.

तिसऱ्या आठवड्याची गोष्ट. आमच्या वर्गातल्या एक आजी बाजारातून येताना फळ्यापुढे थांबल्या. वय साठीच्या पुढे. डोक्यावरची पाटी खाली ठेवली. बोट लावून एकेक अक्षर जुळवू लागल्या. "डि... झे... ल. डिझेल. तीन हजार दोनशे." मग खाली सरकल्या. पुन्हा थांबल्या. मी पारावर बसलो होतो. मला हाक मारली.

"गुरुजी, हितं डिझेल लिवलंय, आन् खाली पुन्यांदा डिझेल लिवलंय. आकडा बी त्योच. दोनदा आणलं व्हय?"

मी उठून गेलो. पिशवीतल्या पावत्या काढल्या. पावती एकच होती. मीच चुकून दोनदा उतरवले होते. पारावरची माणसे उठून आली, चार पोरे जमली. मी ओले फडके घेतले, सगळ्यांदेखत ती ओळ पुसली आणि शिल्लक रकान्यात तीन हजार दोनशे वाढवले.

आजींनी नवा आकडा बोट लावून वाचला. "आता बरूबर," म्हणाल्या. आणि खालची ओळ वाचू लागल्या.